शुक्रवारी डिप्लॉय करू नये

२०१९ सालची गोष्ट. आमची टीम तेव्हा एका ट्रान्सपोर्ट कंपनीसाठी ट्रक ट्रॅक करायचं सॉफ्टवेअर बनवत होती. म्हणजे नकाशावर भारत, भारतावर हिरवे ठिपके, ठिपक्यावर क्लिक केलं की गाडीचा नंबर, माल, ड्रायव्हरचा फोन. डेमोला एकदम झकास दिसायचं. एका सोमवारी क्लायंटकडून टिकेट आलं : 'एका गाडीचं लोकेशन अपडेट होत नाही. प्रायॉरिटी हाय.'

झालं! अर्धा दिवस मी लॉग उपसले, जीपीएसवाल्याशी भांडलो, डेटाबेस तपासला. डेटा व्यवस्थित येत होता. फक्त दर वेळी तोच अक्षांश आणि तोच रेखांश. शेवटी कंटाळून सरळ ड्रायव्हरला फोन लावला. हिंगणघाटहून सुताचा फुल लोड घेऊन निघालेला माणूस. माल जायचा होता ढाक्याच्या शेजारी नारायणगंजला.

"दादा, गाडी कुठे आहे?"

"बनगावला."

"कधीपासून?"

"आज नववा दिवस, साहेब. नंबर नाही लागला अजून."

मी टिकेट बंद केलं. शेरा लिहिला, 'सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही. गाडी खरंच उभी आहे.' टिकेट टाकणारा मुलगा क्लायंटकडे नवीन होता. त्याच्या साहेबांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. मला मात्र वाटलं, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. आज शनिवार आहे, चहा झालाय, बायको माहेरी आहे, तर एकदाचं लिहून टाकतो.

आधी फुल लोड म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांचा मालवाहतुकीशी संबंध दारावरच्या कुरियरवाल्यापुरता असतो. पार्ट लोडमध्ये हुंडेकरी दहा जणांचा माल गोळा करून एका गाडीत भरतो, वाटेत उतरवतो, पुन्हा भरतो. फुल लोडमध्ये अख्खी गाडी एकाच्या मालाची. त्याच्या दारात भरायची, ताडपत्री आवळायची, आणि दोन हजार किलोमीटरवर दुसऱ्याच्या दारात ती सोडायची. मधे मालाला कुणी हात लावायचा नाही. लोक पैसे मोजतात ते ह्यासाठीच. शेतातला माल कारखान्याच्या गावी आणि कारखान्याचा माल शेतीच्या गावी स्वस्तात पोचतो तो ह्याच हिशोबावर, आणि त्यात परतीचं भाडं मिळणं हे गृहीत असतं. जाताना भरलेली गाडी येताना रिकामी आली तर जाण्याच्या भाड्यातच दोन्ही बाजूंचं डिझेल बसवावं लागतं.

आता हा हिशोब पेट्रापोलला नेऊन बघा. कोलकात्यापासून साधारण ८० किलोमीटर. पलीकडे बेनापोल. भारत-बांगलादेश रस्त्याने होणाऱ्या व्यापाराचा सगळ्यात मोठा दरवाजा. २०१६ मध्ये तिथे मोठं एकात्मिक चेकपोस्टही झालं. पण आपली गाडी जाते फक्त बेनापोलच्या आवारापर्यंत. तिथे ताडपत्री सोडायची, सगळा माल उतरवायचा आणि बांगलादेशी गाडीत भरायचा. हिंगणघाटला बांधलेला फुल लोड इथे हमालांच्या डोक्यावरून जातो. मग आपली गाडी रिकामी मागे फिरते, आणि कोलकात्याच्या आसपास कुठे भाडं मिळालं तर मिळालं. उलट बाजूने येणाऱ्या बांगलादेशी गाडीचंही तेच. माल पेट्रापोलला उतरवायचा आणि रिकामं घरी जायचं. म्हणजे त्याच फाटकात एक रिकामा ट्रक दुसऱ्या रिकाम्या ट्रकला क्रॉस करतो. दोघांनाही एकमेकांच्या गावाकडचा माल हवाय, आणि दोघांचीही गाडी मोकळी आहे.

ह्याला काहीही तांत्रिक कारण नाही. आपले ट्रक नेपाळमध्ये काठमांडूपर्यंत जातातच. बांगलादेशसाठीही १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये चार देशांनी मोटार वाहन करारावर सह्या केल्या : बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकाता-ढाका-आगरतळा असा ट्रक चाचणीसाठी चालवून झाला. चाचणी यशस्वी झाली. (आमच्याकडेही यशस्वी चाचण्या खूप होतात. क्लायंट टाळ्या वाजवतो आणि प्रोजेक्ट तिथेच संपतं.) २०१६ मध्ये भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने करार नाकारला, बाकीचे तिघे 'आपण पुढे जाऊ' म्हणाले, आणि पुढची वर्षं बैठकांमध्ये गेली.

जागतिक बँकेने २०२१ च्या अहवालात ह्याचा ताळेबंद मांडला. पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला कित्येक दिवस लागतात. पूर्व आफ्रिकेत तेवढीच वाहतूक असलेल्या सीमेवर सहा तासांपेक्षा कमी लागतात. भारतातल्या कंपनीला बांगलादेशच्या कंपनीशी व्यापार करण्यापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीशी करणं १५ ते २० टक्क्यांनी स्वस्त पडतं. ब्राझील! जो नकाशावर दाखवताना आपलं बोट आधी आफ्रिकेवर जातं.

असो. इथपर्यंतचा प्रकार निव्वळ आळसाचा आहे, आणि आळस आपण समजू शकतो. माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

माझा मावसभाऊ निफाड तालुक्यात कांदा करतो. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढायचा, चाळीत भरायचा आणि भाव बघून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थोडा थोडा विकायचा. चाळीत कांदा दर महिन्याला घटतो, सडतो, कोंब येतात. म्हणजे थांबण्याचे पैसे पडतात, आणि ते सगळे शेतकऱ्याच्या खिशातून. २०२० च्या सप्टेंबरात त्याने आणि गावातल्या तिघांनी मिळून एक गाडी भरेल एवढा चांगला माल एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर दिला. माल बांगलादेशला जायचा होता, पैसे पोच मिळाल्यावर. गाडी निघाली : मालेगाव, धुळे, आणि मग जुना नॅशनल हायवे सहा धरून जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर. सोमवारी, १४ सप्टेंबरला, गाडी रायपूरच्या पुढे असताना दिल्लीत आदेश निघाला. कांद्याची निर्यात बंद. कधीपासून? आत्तापासून.

आता ड्रायव्हरने काय करायचं? मागे फिरला तर परतीचं डिझेल कोण देणार? म्हणून तो पुढे गेला, घोजाडांगाच्या नाक्याबाहेर रांगेत उभा राहिला. सप्टेंबरातला बंगाल, ताडपत्रीखाली बंद केलेला कांदा. १९ तारखेला, ज्यांचे कस्टम्सचे कागद १४ तारखेआधी पूर्ण झाले होते तेवढ्या गाड्या सोडल्या. आमच्या गाडीचे कागद कसे पूर्ण असणार? ती तर १४ तारखेला छत्तीसगडमध्ये धावत होती! शेवटी निम्मा माल फेकून उरलेला जवळच्या बाजारात मिळेल त्या भावाला दिला. ड्रायव्हरला हॉल्टिंग मिळालं नाही. मावसभावाला गोणीमागे जे मिळालं त्यात गोणी, भराई आणि हमाली एवढंच निघालं. व्यापारी म्हणाला, "मी तरी काय करू?" हे मात्र त्याचं खरं होतं.

आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर काहीही टाकायचं नाही. फुटलं तर शनिवारी दुरुस्त करायला माणूस नसतो, आणि शिव्या युजर खातो. नव्या पोराला हे पहिल्याच आठवड्यात सांगतात. दुसरा नियम त्याहून मोठा. चालू असलेला व्यवहार मधेच नव्या नियमाने तोडायचा नाही. एटीएममधून पैसे काढताना खात्यातून रक्कम वजा झाली आणि नोटा बाहेर यायच्या आधी बँकेने नियम बदलला, असं चालेल का? जो व्यवहार सुरू झाला तो जुन्या नियमाने पूर्ण तरी करायचा, नाहीतर पूर्ण उलटवून ज्याचे पैसे त्याला द्यायचे. मधेच लटकवायचा नाही.

आता मी दिल्लीतल्या आदेशांचे वार काढले. कॅलेंडर काढून तुम्हीही बघा. १३ सप्टेंबर २०१९ : कांद्यावर टनाला ८५० डॉलर किमान निर्यात किंमत. शुक्रवार. २९ सप्टेंबर २०१९ : पूर्ण बंदी. रविवार. १९ ऑगस्ट २०२३ : ४० टक्के निर्यातशुल्क. शनिवार. २८ ऑक्टोबर २०२३ : ८०० डॉलर किमान किंमत. शनिवार. ८ डिसेंबर २०२३ : पुन्हा बंदी. शुक्रवार.

पुढची तारीख घालायला त्यांना येत नाही असंही नाही. २०१९ ची बंदी १५ मार्च २०२० पासून उठणार हे २ मार्चलाच जाहीर केलं. २०२० ची बंदी १ जानेवारी २०२१ पासून उठणार हे २८ डिसेंबरला सांगितलं. निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ पासून काढणार हे २२ मार्चला. म्हणजे तीनदा दरवाजा उघडताना चार ते तेरा दिवसांची सूचना, आणि बंद करताना शून्य मिनिटं. ज्याला सूचना मिळाली नाही तरी चाललं असतं त्याला ती मिळाली, आणि ज्याची गाडी रस्त्यावर आहे त्याला नाही.

गंमत म्हणजे ह्यावरचा उपाय आपल्याच नियमांच्या पुस्तकात आहे. परकीय व्यापार धोरणात १.०५ क्रमांकाचा परिच्छेद आहे. ढोबळ अर्थ असा, की बंदी येण्याआधी ज्या सौद्याचं पक्कं लेटर ऑफ क्रेडिट उघडलं गेलंय, तो सौदा नंतर बंदी आली तरी पूर्ण करता येतो. चालू व्यवहार मधेच तोडू नये, हा आमचाच नियम सरकारी भाषेत. आणि १४ सप्टेंबर २०२० च्या आदेशात काय लिहिलं होतं? ही तरतूद ह्या आदेशाला लागू नाही! नियम होता, तो बघितला आणि मुद्दाम बंद केला. डिसेंबर २०२३ मध्ये थोडी दया आली. ज्यांचा माल जहाजावर चढायला लागला होता, किंवा कस्टम्सच्या ताब्यात गेला होता, त्यांना सूट मिळाली. जहाज दिसलं, गोदाम दिसलं. हायवेवरचा ट्रक पुन्हा दिसला नाही.

पलीकडच्यांनाही हे कळतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाल्या, की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा न घालता रांधायला सांगितलंय, आणि पुढच्या वेळी जरा आधी कळवत जा. लोक हसले, व्हिडिओ फिरला. वर्षभराने तेच पुन्हा झालं, ह्या वेळी ढाक्याहून नाराजीचं पत्र आलं.

आता नेहमीचे आक्षेप. मला माहीत आहे कुठले येणार, कारण ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर ते सगळे येऊन गेले आहेत.

पहिला : "कांदा शंभर रुपये झाला की तुम्हीच ओरडता." बरोबर, आपणच ओरडतो. पण एका महिन्याच्या कांद्यात चार माणसांच्या घराला जेवढा फरक पडतो, तेवढे पैसे आपण मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नला देतो. ज्याला खरंच तो फरक सोसवत नाही त्याच्यासाठी सरकारने बाजारातून विकत घेऊन साठा करावा. करतंही. २०२३ मध्ये कांद्याच्या राखीव साठ्याचं लक्ष्य पाच लाख टनांवर नेलं होतं. तो वापरा. मी इथे बंदी चूक की बरोबर हा वादही घालत नाही. समजा बंदी हवीच आहे. तर ती आजपासून भरल्या जाणाऱ्या गाडीला लावा, कालच भरून निघालेल्या गाडीला नको.

दुसरा : "सूचना दिली तर व्यापारी चार दिवसांत सगळा कांदा बाहेर काढतील." म्हणूनच मी सूचना मागतच नाहीये. आदेशाच्या मिनिटाआधी जी गाडी भरून निघाली तेवढीच सोडा. कशी ओळखणार? कांद्याला ई-वे बिल लागत नाही हे मला माहीत आहे. पण वजनकाट्याची पावती असते. आणि २०२१ पासून प्रत्येक गाडीला फास्टॅग सक्तीचा आहे. पिंपळगाव बसवंतपासून खरगपूरपर्यंत ती गाडी कुठल्या टोलनाक्यावरून किती वाजता गेली ह्याची सेकंदापर्यंतची नोंद सरकारजवळच आहे. पैसे कापायला तो डेटा चालतो, मग गाडी सोडायला का चालू नये? दोन तक्ते जोडायचे आहेत हो. आमच्याकडचा फ्रेशर जेवणाच्या आधी लिहून देईल.

तिसरा : "सीमेवर सुरक्षा नको का?" हवी. पण नऊ दिवस उघड्यावर उभ्या असलेल्या आणि मग पन्नास हातांतून दुसऱ्या गाडीत गेलेल्या मालाची सुरक्षा जास्त, की कारखान्यात सील होऊन वाटेत न उघडलेल्या गाडीची? सीलबंद गाडी देशोदेशींच्या सीमांवरून न उघडता जावी म्हणून टीआयआर नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. २०१७ मध्ये भारतही त्यात सामील झालाय.

चौथा, सगळ्यांचा आवडता : "बांगलादेश तरी कुठे नीट वागतो?" नाहीच वागत. वरूड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला विचारा. २०१९ नंतर तिकडे संत्र्यावरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कित्येक पट वाढवत नेलं, आणि इकडे बागेतले भाव पडले. १३ एप्रिल २०२५ ला बांगलादेशाने भारतीय सूत जमिनीवरच्या बंदरांतून आणायला बंदी घातली. म्हणजे माझ्या त्या हिंगणघाटच्या ठिपक्याचा रस्ताच बंद. त्याच्या पाच दिवस आधी आपण त्यांच्या मालाची आपल्या बंदर-विमानतळांवरून परदेशी जायची सोय काढून घेतली होती. आणि १७ मे २०२५ ला (वार ओळखा. शनिवार!) आपण आदेश काढला, की बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरून येणार नाहीत, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ह्या समुद्री बंदरांतून येतील. लगेच लागू. दुसऱ्या दिवशी बेनापोलला कपड्यांनी भरलेल्या गाड्या उभ्या.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. गाझीपूरला शिवलेला शर्ट पुण्यातल्या दुकानात यायचाय. ट्रक आहे, रस्ता आहे. तरी तो चितगावला जाणार, जहाजात बसणार, श्रीलंकेला वळसा घालणार आणि न्हावा शेव्याला उतरणार. त्याचं सूत कदाचित विदर्भातल्या कापसाचं असेल. ते जाताना रांगेत सडलं, आणि शर्ट होऊन येताना समुद्र हिंडून आलं. दोन सरकारांचं भांडण असेल, असू दे. भांडणात एकाने दुसऱ्याचा कान पिळला तर समजू शकतो. इथे दोघं मिळून एकाच ड्रायव्हरचा पिळतायत.

थोडक्यात मागणी एवढीच आहे. चार देशांचा करार, एकच चेकपोस्ट, थेट नारायणगंजपर्यंत जाणारा फुल लोड वगैरे होईल तेव्हा होवो. तोवर दोन्ही सरकारांनी एक वाक्य मान्य करावं : 'आदेश निघायच्या आधी भरून रस्त्याला लागलेल्या गाडीला नवा आदेश लागू नाही.' ह्याला बजेट लागत नाही, पूल लागत नाही, परराष्ट्रमंत्र्यांचा दौरा लागत नाही. आदेशाच्या तळाशी एक ओळ वाढवायची आहे. २०२० मध्ये उलट अर्थाची एक ओळ लिहायला वेळ मिळालाच होता की.

आणि आपण काय करायचं? आपण टॅक्स भरणारी, ट्विट करणारी, दहा मिनिटांत किराणा न आल्यास एक स्टार देणारी मंडळी आहोत. सरकार शनिवारी आदेश काढतं कारण सोमवारच्या पेपरात आपण फक्त 'कांदा स्वस्त होणार' एवढंच वाचतो. पुढच्या वेळी ती बातमी आली की आदेशाची तारीख बघा, वार बघा, आणि 'तत्काळ लागू' हे दोन शब्द आहेत का ते बघा. असतील तर त्या क्षणी अमरावती ते खरगपूरच्या मधे कुठेतरी एखाद्या ड्रायव्हरला मालकाचा फोन येत असतो, आणि पुढे जायचं की मागे फिरायचं हे मालकालाही सांगता येत नसतं.

मावसभावाने त्यानंतर निर्यातीच्या गाडीत माल दिलेला नाही. लासलगावला ट्रॅक्टर नेतो, त्या दिवशीचा भाव घेतो, घरी येतो. "रात्री झोप तरी लागते," म्हणतो.

असो. सोमवारी आमचा रिलीज आहे. सोमवारी, शुक्रवारी नाही.